अक्षरा बरोबरीला आली

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
८ जून २०२५

चि. सौ. शैलास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

उदगीरहून येऊन महिना होत आला तरी तू सुखरूप पोचल्याचा साधा निरोप नाही. फोन करू नकोस असं मीच म्हटलं होतं म्हणा. तुझ्या सासूबाई फोन स्पीकरवर टाकून शेजारी बसतात, आणि आपण दोघी बहिणी फोनवर चार वाक्यं धड बोलत नाही, पाचव्याला जुंपते. पत्रात निदान समोरचीचं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं, म्हणून लिहून राहिले.

ह्यांचं गोलाईच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान लग्नसराईत बरं चाललं. अक्षरा चौथीत गेली, दात पडून राहिले, तोंडाचा पट्टा चालू आहे. काल शेजारीण आपला बसव जयंतीचा फोटो बघून विचारत होती की दोघी पोरींच्या अंगावर सारखाच खणाचा परकर कसा. मी तिला सगळं सांगितलं, की आमची अव्वा नातीला पाचवं लागलं की लांबच लांब परकर शिवते, खालून दुमडून टिपा घालते, आणि दरसाल बसव जयंतीला गल्लीतल्या बायकांसमोर एक टीप उसवते. मग माजघरात नेऊन नव्या मापानं परत शिवते. पोर मोठी होईपर्यंत एकच परकर पुरतो. शेजारणीला लई नवल वाटलं.

आता पोटातलं लिहिते. त्या फोटोत नीट बघ. तुझी स्वप्नाली आणि माझी अक्षरा, खांद्याला खांदा. गेल्या साली तुझी चांगली चार बोटं वर होती. त्याच्या आदल्या साली तर अक्षरा तिच्या कानाला लागत होती. यंदा बरोबरी. मी घरी आल्यावर तो फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला. हे हसले, म्हणाले की ह्यात फ्रेम करण्यासारखं काय आहे. ह्यांना काय कळणार. मी बुटकी म्हणून लहानपणापासून फोटोत मला पुढं बसवायचे आणि तू मागं उभी. निलंग्याची मंडळी मला बघायला आली आणि मुलाच्या आईनं पाणी घेऊन आलेल्या मुलीची, म्हणजे तुझी, चौकशी केली. अप्पांनी त्यांना चहा न देता वाटेला लावलं, पण मी काही विसरले नाही. लग्नसुद्धा मला साजेशा उंचीच्या माणसाशीच झालं. तेव्हा माझी लेक तुझ्या लेकीच्या बरोबरीला आली याचा मला आनंद झाला, तो मी लपवत नाही.

सोमेशरावांना नमस्कार. स्वप्नालीला माझा पापा. हे वाचून राग आला तर येऊ दे, माया मात्र आहे तेवढी ठेव.

तुझी,
अक्का


विष्णुपुरी, नांदेड,
२२ जून २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझा आनंद ओळीओळीत दिसला. फ्रेमला हार पण घातला असशील.

आमच्याकडं सगळं ठीक. ह्यांच्या कॉलेजचे प्रवेश सुरू आहेत, घरी येतात ते फक्त जेवायला. स्वप्नालीचा कान परत फुटला, रात्रभर कण्हत होती. हे वर्षातून तीन-चारदा असतंच. बाकी वाचनात वर्गात पहिली, बाईंनी तिला शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन दिलं. गणितात जरा गडबडते, पण मी तरी कुठं हुशार होते गणितात.

उंचीचं म्हणशील तर बाप दाराच्या चौकटीला डोकं लावणारा आणि मी अशी उंच. तिला कुठं जायचं आहे? तेराव्या-चौदाव्या वर्षी एकदम ताड होईल. माझी ननंद तशीच झाली होती असं सासूबाई सांगतात. तू आत्ता खुश होऊन घे.

खरं सांगू का, तुझं पत्र वाचून मी पोरीला भिंतीला लावून उभी केली. ताठ राहा, ताठ राहा म्हणून ओरडले. ती रडायला लागली तेव्हा भानावर आले. शाळेतही यंदा तिला प्रार्थनेला सगळ्यात पुढं उभं केलंय, आणि बाजूच्या क्वार्टरमधली दुसरीतली पोरगी तिच्यापेक्षा मोठी दिसते. ह्या सगळ्यावर तुझं पत्र आलं, अगदी मुहूर्त बघून.

दाजींना नमस्कार. अक्षराला आशीर्वाद. मोठेपणा घेतलाच आहेस तर लोभही मोठा असू दे.

तुझी,
शैला

ता. क. अक्षराला तू सकाळी काय देतेस ते जरा लिही. मी विचारलं असं अव्वाला सांगू नकोस.


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
१३ जुलै २०२५

चि. सौ. शैलास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

हे पत्र तू एकटी असताना वाच. सासूबाई असतील तर आधी गच्चीवर जा.

सकाळी काय देतेस असं तू विचारलंस ना, तर मी अक्षराला सकाळी दूध-भाकरी देते, दुसरं काही नाही. पण तू विचारलंस म्हणून मला चेव आला. म्हटलं, बरोबरीला आलीच आहे तर पुढं काढू. आमच्या गल्लीतल्या एकीच्या पोरीला उंची वाढायची इंजेक्शनं चालू आहेत असं ऐकलं होतं. ह्यांना दुकान बंद करायला लावून मी अक्षराला इथल्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. त्या वाढीचंच बघतात.

बाईंनी पोरीला अनवाणी उभं करून मोजलं. मग मला चपला काढायला सांगितल्या. मग ह्यांना. मी म्हटलं, आम्ही कशाला? त्या म्हणाल्या की पोरगी किती उंच व्हायला पाहिजे हे आई-बापावरून कळतं. अक्षराची जुनी मापं शाळेच्या आरोग्य कार्डावर होती, ती त्यांनी एका तक्त्यावर मांडली. मग म्हणाल्या की ही बुटकी आहे, पण तुमच्या दोघांच्या मानानं हिची उंची बरोबर आहे, आणि दरसाल आपल्या चालीनं सरळ वाढून राहिली. हिला इंजेक्शन नको आणि तपासणी पण नको. प्रत्येक बुटक्या पोरीची तपासणी करत सुटायचं नसतं.

मला राग आला, शैले. एवढं दुकान बंद करून आले आणि बाई म्हणतात काही नको. मी म्हटलं, बाई, हिचा वेग वाढला आहे, तुम्ही नीट बघा. माझ्या बहिणीची मुलगी हिच्याच वयाची, आई-बाप दोघं उंच, दोन वर्षांपूर्वी ती हिच्या कितीतरी वर होती, आणि आता माझी बरोबरीला आली.

बाईंनी पेन खाली ठेवला. परत तक्ता बघितला. म्हणाल्या की तुमच्या मुलीचा वेग तसूभरही वाढलेला नाही. ही बरोबरीला आली असेल तर ती थांबली असेल.

मग त्यांनी तुझ्या पोरीचंच विचारायला सुरुवात केली. आई-बाप किती उंच, जेवते का, सारखी आजारी असते का. मी कानाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, न बघता मी काहीच ठरवत नाही, थायरॉइड आणि बाकीचंही बघावं लागतं. पण पोरगी आई-बापाच्या मानानं बुटकी असेल, वाढ मंदावली असेल, आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर वरून काही दिसो न दिसो, रक्तातल्या गुणसूत्रांची तपासणी करायचीच. टर्नर सिंड्रोम असं नाव सांगितलं. मुलींत दोन एक्स असतात, त्यातला एक नसतो किंवा अर्धामुर्धा असतो. पोरगी बाकी सगळ्यांसारखीच दिसते, शिकते, बोलते, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि लोक चौदाव्या-पंधराव्या वर्षी येतात, तेव्हा वाढीच्या इंजेक्शनांचे दिवस जवळजवळ गेलेले असतात. काहींच्या हृदयाचंही बघावं लागतं, ते तर उशीर करण्यासारखं नाही.

मी घरी येऊन तो फोटो भिंतीवरून काढून ठेवला. तू स्वप्नालीला दाखव. नांदेडला दाखव, इथं आण, कुठंही दाखव. काही निघालं नाही तर मला जन्मभर टोमणे मार, मी ऐकून घेईन.

उत्तराची वाट बघते. माझ्यावर नाही, पण माझ्या सांगण्यावर विश्वास ठेव.

तुझी,
अक्का


विष्णुपुरी, नांदेड,
२० जुलै २०२५

ती. सौ. अक्कास,
नमस्कार.

पत्र गच्चीवर जाऊन वाचलं. बरं झालं एकटी होते.

तुला एवढं जड जात असेल असं मला वाटलं नव्हतं. माझी पोरगी तुझ्या पोरीपेक्षा उंच होती तेव्हा तुला बघवत नव्हतं, बरोबरीला आली तर फ्रेम केलीस, आणि आता तेवढ्यानं भागेना म्हणून तिच्या रक्तातच खोट काढलीस. न बघता. डॉक्टरीणबाईंनी तरी बघितलं का तिला? तू सांगितलंस, त्यांनी ऐकलं. तू कसं सांगितलं असशील ते मला माहीत आहे.

निलंग्याच्या मंडळींत माझा काय दोष होता गं? मी पाणी घेऊन आले, एवढंच केलं. तेव्हापासून तू मला माफ केलं नाहीस, आणि आता माझ्या लेकीवर काढून राहिलीस.

ह्यांना मी अर्धंच सांगितलं. ते म्हणाले, दाखवायला काय हरकत आहे. पण सासूबाईंना कुणकुण लागली, आणि त्यांनी दोन दिवस जेवण टाकलं. त्यांचं म्हणणं की असल्या तपासणीत पोरीचं नाव एकदा लागलं की नांदेडपासून उदगीरपर्यंत आपल्या लोकांत पसरतं, उद्या तिला कोण करून घेईल. मला त्यांचं बोलणं एरवी पटत नाही, ह्यावेळी पटलं.

आणि वाढ थांबली म्हणतेस तर हे सांग. अव्वानं बसव जयंतीला माझ्या पोरीच्या परकराची टीप उसवली का नाही? सगळ्या बायका होत्या, तू स्वतः समोर बसून कुंकू लावलंस. गेल्या साली पण उसवली. वाढली नसती तर कशाला उसवली असती? तुझ्या बाईंच्या तक्त्यापेक्षा माझा अव्वाच्या हातावर जास्त भरवसा आहे.

आता ह्या विषयावर पत्र नको. दुसऱ्याही कुठल्या विषयावर काही दिवस नको.

शैला


उदगीर,
श्रावण सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

चि. शैलीस आईचा आशीर्वाद.

मी लिहायला बसले म्हंजे काय तरी झालंय हे तू वळकलंच आसशील. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, सांभाळून घे. तुझी अक्का, राजी, येऊन गेली. रडली. तुझं पत्र दाखवलं. त्यात तू माझ्या हाताची साक्ष काढलीस, म्हणून मला लिवावं लागलं.

शैले, मगळे, माझे लेकी, आता मी सांगते ते बसून वाच. स्वप्नालीची टीप मी सगळ्यांसमोर उसवली ते खरं. पण माजघरात नेऊन परकर पोरीच्या कमरेला लावून बघितला तर घोट्यापतुर जुन्याच मापाला आला. मी परत त्याच जागी शिवला. यंदा बी आन गेल्या साली बी. दोन साल झाले, त्या परकराची टीप जागची हालली न्हाई. अक्षराची दरसाल उसवते, दरसाल खाली जाते.

मी कुनाला बोलले न्हाई. मला वाटलं राजी हसंल. तुमी दोगी लहानपनापसून आशाच, एकीचं लुगडं दोन बोटं लांब निघालं तर दुसरी जेवायची न्हाई. म्हनलं बायकांत पोरीची शोभा कशाला, राजीच्या तोंडी कशाला द्यायचं. पोर हाय, वाढंल पुढच्या साली. असं करून दोन साल झाकलं. तुमच्या दोगींच्या हेव्याच्या भ्यानं झाकलं म्या. राजी हसली न्हाई गं. पेटीतला स्वप्नालीचा परकर मांडीवर घेऊन लई वेळ बसली.

तुझ्या सासूला म्हनावं लग्नाचं फुडं बघू, आधी पोर बघा. अप्पा म्हनतात सोमेशरावांना ते सोता फोन करतील. मी त्यास्नी दोन दिवस थांबा म्हनलंय. तू आपनहून उठावं असं वाटतं.

स्वप्नालीच्या तोंडावरून हात फिरवते. माझ्यावर राग धर, पर दाखवून ये.

तुझी अव्वा


विष्णुपुरी, नांदेड,
२१ सप्टेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

पावसानं आठ दिवस जीव नकोसा केला, धरणाचे दरवाजे उघडेच आहेत, इथं रात्री पाण्याचा आवाज येतो. पत्र कधी मिळेल ते माहीत नाही. तरी फोनवर हे मला बोलता आलं नसतं.

अव्वाचं पत्र आलं त्याच आठवड्यात आम्ही स्वप्नालीला इथल्या डॉक्टरांकडं नेलं. मी त्यांना तुझं, तुझ्या बाईंचं काही सांगितलं नाही. म्हटलं, बघू हे स्वतः काय म्हणतात. त्यांनीही आम्हा दोघांना चपला काढायला लावल्या तेव्हाच मला तुझं पत्र आठवलं. थायरॉइड चांगलं निघालं, रक्तही चांगलं, आणि मग त्यांनी तीच तपासणी लिहून दिली. रक्त बाहेरगावी गेलं. रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

टर्नर आहे. तुझ्या बाईंचं बरोबर होतं, अक्का.

हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही तपासली, ती चांगली आहेत, एवढं एक देवानं ऐकलं. उंचीसाठी रोज रात्री एक सुई. नऊ वर्षांची आहे म्हणून उपयोग होईल, दोन-तीन वर्षं आणखी गेली असती तर फारसं हातात राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. आधी आला असतात तर आणखी बरं, असंही म्हणाले. ते मी अव्वाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. पुढं वयात यायच्या वेळी औषधं द्यावी लागतील. मूल होण्याचं अवघड असतं, त्यावर आत्ता विचार करू नका म्हणाले. मी दुसरा कुठलाच विचार करत नाही.

सासूबाई रिपोर्ट आला त्या दिवशी देवघरात जाऊन बसल्या आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या की सुई मी टोचत जाईन, तुझ्यानं पोरीला टोचवायचं नाही. त्यांनीच पहिली टोचली.

आता मनातलं लिहिते, तूच लिहायला शिकवलंस. मला अक्षराचा हेवा वाटून राहिला. असा हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता. तुझ्या पोरीला सगळं आपोआप येईल, ज्या त्या वर्षी, तू काही केलं नाहीस तरी. माझ्या पोरीला प्रत्येक गोष्ट औषधानं आणावी लागेल. तू तिला नुसती दूध-भाकरी देतेस हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून सांगते, दिवाळीला तू ये, पण अक्षराला आणू नकोस. दोघींना शेजारी उभं राहिलेलं मला बघवणार नाही.

जुलैत मी जे लिहिलं ते फाडून टाक. लोभ ठेव असं कुठल्या तोंडानं म्हणू, तरी म्हणते.

तुझी,
शैला


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. शैलास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आलं. चार दिवस उत्तर लिहायला बसते आणि उठते.

जन्मभर मला एकच वाटत आलं, की एकदा तरी शैलीनं माझा हेवा करावा. कशाचाही. साडीचा, घराचा, पोरीचा. आता तू केलास आणि मला तो कुठं ठेवावा ते कळेना. दुपारी दुकानातून हे जेवायला आले तर मी पोळ्या न करता बसलेली. त्यांनी पत्र वाचलं आणि स्वतःच भात टाकला.

तुला बघवणार नाही तर मी एकटी येते. दिवाळी उदगीरला करू, नाहीतर तिकडंच करू, तू म्हणशील तसं. तुझ्या सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. त्यांच्याबद्दल मी आजवर तुझ्यापाशी जे जे बोलले त्यातलं निम्मं परत घेते. निम्मं राहू दे.

आधी आला असतात तर वगैरे मी अव्वाला काही सांगितलेलं नाही. पण ती मनात समजून आहे. आता ती म्हणते की पुढच्या बसव जयंतीपासून टिपा बायकांसमोर उसवायच्या नाहीत, ज्या त्या पोरीची तिच्या तिच्या मापानं घरात उसवायची. मी हो म्हटलं.

एक गोष्ट लिहू का नको असं होऊन राहिलं, पण लिहिते. अक्षराला मी सांगितलं की स्वप्नालीला आता रोज सुई घ्यावी लागते. तिनं विचारलं कशासाठी. मी म्हटलं, उंच व्हायला. तर पोरगी ताट सारून उठली. म्हणाली की स्वप्नालीला सुई आणि मला का नाही, म्हणजे ती परत माझ्यापुढं जाणार, तुला तीच आवडते. पाय आपटून रडली, शैले, नाक लाल करून, अगदी मी रडायची तशी. तुझ्या पोरीचा हेवा करून राहिली, तुझी पोर सुई घेऊन राहिली म्हणून.

मी तिला मांडीवर घेतलं. म्हटलं, तुला सुई मिळणार नाही, आणि ती तुझ्यापुढं गेली तर आपण गल्लीत पेढे वाटायचे. ती म्हणाली, तूच वाट, मी नाही वाटणार.

मी वाटीन, शैले. तुझी पोर माझ्या पोरीच्या पुढं जावी, कानाच्या वर, डोक्याच्या वर जावी, आणि मी मान वर करून तिच्याकडं बघावं, एवढंच मी सकाळ-संध्याकाळ लिंगपूजेला बसले की मागून राहिले.

पुन्हा एकदा तुझा हेवा वाटावा म्हणून देवाला साकडं घालून बसलेली,

तुझी,
अक्का